मॅग्रट गार्लिक : डिस्कवर्ल्डमधील आदर्शवादी चेटकीण

मॅग्रट गार्लिक ही इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ या विनोदी अद्भुतरम्य कादंबरीमालेतील एक तरुण चेटकीण. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘विर्ड सिस्टर्स’ या कादंबरीत ती प्रथम अवतरली. ‘विचेस अब्रॉड’ (१९९१), ‘लॉर्ड्स अँड लेडीज’ (१९९२) आणि ‘कार्पे जुग्युलम’ (१९९८) या पुढच्या तीन कादंबऱ्यांतून तिची कथा उलगडत गेली. निसर्गावर, झाडपाल्यावर, लोकगीतांवर आणि माणसाच्या चांगुलपणावर तिचा गाढ विश्वास आहे. या विश्वासापायी तिची सतत थट्टा होते, आणि वेळ येते तेव्हा हाच विश्वास तिला तारून नेतो. विनोदी साहित्यात आदर्शवादी माणूस बहुधा हसण्यापुरताच असतो. प्रॅचेट यांनी मॅग्रटला तसे ठेवले नाही, म्हणून ती अभ्यासण्याजोगी आहे.

लेखक आणि त्याचे जग

टेरी प्रॅचेट यांचा जन्म २८ एप्रिल १९४८ रोजी इंग्लंडमधील बकिंगहॅमशर परगण्यात बीकन्सफील्ड येथे झाला. शाळा सुटल्यावर ते स्थानिक वृत्तपत्रात बातमीदार झाले आणि पुढे इंग्लंडच्या वीजनिर्मिती मंडळात प्रसिद्धी अधिकारी होते. डिस्कवर्ल्ड मालेतील पहिली कादंबरी ‘द कलर ऑफ मॅजिक’ १९८३ साली आली. १२ मार्च २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर या मालेत ४१ कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या. शेवटची त्याच वर्षी मरणोत्तर प्रसिद्ध झाली. २००७ साली त्यांना अल्झायमरचा एक विरळा प्रकार जडल्याचे निदान झाले होते. तरीही त्यांनी लेखन थांबवले नाही.

डिस्कवर्ल्ड हे थाळीसारखे सपाट जग आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर उभे आहे आणि ते हत्ती ‘ग्रेट अ‍ॅटुइन’ नावाच्या प्रचंड कासवाच्या पाठीवर. पृथ्वीला आधार देणारे दिग्गज आणि पाठीवर मंदर पर्वत पेलणारे कूर्म यांच्या कथा ऐकत वाढलेल्या भारतीय वाचकाला ही रचना परकी वाटत नाही. जगाचा भार प्राण्यांवर ठेवणाऱ्या अशाच प्राचीन कल्पनांतून प्रॅचेट यांनी ती घेतली. या जगात जादू खरी आहे, पण माणसे मात्र आपल्याच जगातली आहेत. त्यांचा लोभ, भीती, प्रतिष्ठेचा सोस आणि माया सारे ओळखीचे असते. त्यामुळे या मालेतला विनोद जादूपेक्षा माणसांच्या वागण्यातून अधिक उपजतो.

मालेत काही स्वतंत्र कथाप्रवाह आहेत. त्यांतला एक चेटकिणींचा. त्याची सुरुवात १९८७ च्या ‘इक्वल राइट्स’ या कादंबरीत ग्रॅनी वेदरवॅक्स या पात्रापासून होते. ‘विर्ड सिस्टर्स’मध्ये तिच्या जोडीला नॅनी ऑग आणि मॅग्रट आल्या आणि तिघींचे त्रिकूट तयार झाले.

लँकरच्या चेटकिणी काय करतात

लँकर हे डोंगराळ भागातले एक चिमुकले राज्य आहे. येथील चेटकिणी बाळंतपणे करतात, आजाऱ्याला औषध देतात, मरणाऱ्याजवळ रात्रभर बसतात, प्रेताला न्हाऊ घालतात, गुराढोरांचे दुखणे पाहतात आणि भाऊबंदकीचे तंटे मिटवतात. सुईण, वैदू आणि गावातली जाणती बाई या तिन्ही भूमिका त्यांच्या ठायी एकत्र आलेल्या असतात. मंत्र घालून काही घडवून आणण्याचे प्रसंग त्यामानाने फार थोडे येतात.

ग्रॅनी वेदरवॅक्स या सर्वांत सामर्थ्यवान. ती ताठ आणि करारी आहे, आणि स्वतःच्या मनातल्या काळोखाची तिला पुरती ओळख आहे. समोरच्याच्या मनाचा ठाव घेऊन त्याच्या समजुतीनेच त्याला वळवणे ही तिची मुख्य विद्या. नॅनी ऑग तिच्या अगदी उलट. तिचा गोतावळा मोठा आहे. खाणे, पिणे, चावट गाणी आणि नातवंडे यांत ती रमलेली असते, आणि सुनांवर तिचा कडक अंमल असतो. या दोन मुरलेल्या बायकांमध्ये मॅग्रट येते, ती पुस्तके वाचून, मनात चेटकीणपणाचे एक सुंदर चित्र रंगवून.

नाव, घराणे आणि शिक्षण

मॅग्रटच्या आईला मुलीचे नाव मार्गरेट ठेवायचे होते. अक्षरांची अदलाबदल झाली आणि नामकरणात ‘मॅग्रट’ असे नाव पडले. ही चूक तिला जन्मभर बोचत राहते आणि पुढे एका प्रसंगाला कारणही होते.

चेटकीण उतारवयात एखादी मुलगी हाताशी घेते आणि आपली विद्या तिच्या स्वाधीन करते, अशी या प्रदेशातली रीत आहे. मॅग्रटला निवडले ते गुडी व्हेम्पर या चेटकिणीने. गुडी व्हेम्पर ही संशोधक वृत्तीची बाई होती. परंपरेने आलेल्या एखाद्या नुसख्यात पाणसरड्याचा डोळा सांगितला असेल, तर नेमक्या कोणत्या जातीचा पाणसरडा, आणि दुसऱ्या जातीचा घेतला तर काय फरक पडतो, असे प्रश्न तिला पडत. उडत्या खराट्याच्या काड्या हवेतच एकेक करून उपसल्या तर तो किती वेळ तरंगतो, हे तपासताना तिचा अंत झाला. तिची झोपडी, वह्या आणि पुस्तके मॅग्रटकडे आली. ती झोपडी पूर्वीपासूनच नोंदी ठेवणाऱ्या, विचार करणाऱ्या चेटकिणींची होती.

या वारशामुळे मॅग्रटला वनौषधींचे ज्ञान दोन्ही वडीलधाऱ्या चेटकिणींपेक्षा अधिक आहे. ग्रॅनी रंगीत पाणी देते आणि रोग्याच्या विश्वासावर काम भागवते. मॅग्रट कोणती मुळी किती उकळायची याचा विचार करते. वाचकाला तिची बावळट बाजू आधी दिसते, पण लेखकाने तिला पहिल्यापासून ज्ञानाची भक्कम बैठक दिलेली आहे.

स्वभाव आणि श्रद्धा

मॅग्रट दिसायला किरकोळ आहे. केस कुठल्याच कंगव्याला न जुमानणारे, डोळे पाणीदार, नाक सर्दीने लाल. ती चांदीची पुष्कळ कांकणे आणि गूढ चिन्हांच्या अंगठ्या घालते. मेणबत्त्या, स्फटिक, पंचकोन, धुपाचा वास, रात्री रानात म्हटलेली गाणी यांतून विश्वाशी एकरूप होता येते असे तिला मनापासून वाटते. तिघींनी नियमाने एकत्र जमावे, मंडळ करावे, विधी करावेत ही कल्पनाही तिचीच. ग्रॅनीला या साऱ्याचा वैताग येतो, आणि नॅनी मात्र खाण्यापिण्याची सोय होते म्हणून खुशीत येते.

‘विर्ड सिस्टर्स’मध्ये एक सैतान बोलावण्याचा प्रसंग आहे. अशा कामाला मंतरलेली तलवार, धूप आणि संरक्षणाचे अष्टकोनी मंडल लागते असे मॅग्रटने वाचलेले असते. हा विधी होतो नॅनीच्या धुण्याच्या खोलीत. कपडे उकळायच्या हंड्यातून सैतान वर येतो, तलवारीच्या जागी कपडे ढवळायचा दांडा असतो, धुपाच्या जागी धुण्याचा सोडा, आणि संरक्षणासाठी कपडे घासायची फळी. तरी सैतान येतो आणि निमूटपणे उत्तरे देतो. ताकद साधनात नसते, करणाऱ्याच्या ठामपणात असते, हा धडा मॅग्रटला येथे मिळतो. तो पचवायला तिला पुढच्या तीन कादंबऱ्या लागतात.

साधनांची हौस बाजूला केली, तर मॅग्रटच्या स्वभावाचा गाभा उरतो तो दयाळूपणा. ती भाबडी आहे, पण ढोंगी नाही. गरिबांना दोन घास मिळावेत, मुलींना मनाजोगे आयुष्य मिळावे, प्राण्यांना कोणी छळू नये असे तिला वाटते आणि त्यासाठी ती स्वतः धडपडते.

या आदर्शवादाचे मूळ

मॅग्रटच्या कल्पना प्रॅचेट यांनी हवेतून आणलेल्या नाहीत. विसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये चेटूकविद्येकडे पाहण्याची एक नवी दृष्टी तयार झाली. १९२१ साली मार्गरेट मरे या अभ्यासिकेने, युरोपातल्या चेटकिणी या एका प्राचीन, ख्रिस्तपूर्व धर्माच्या अनुयायी होत्या, असा सिद्धान्त मांडला. इतिहासकारांनी तो पुढे नाकारला, पण सामान्य वाचकांत तो रुजला. १९४८ साली कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या ‘द व्हाइट गॉडेस’ या ग्रंथाने कुमारी, माता आणि वृद्धा अशा तीन रूपांतल्या देवीची कल्पना लोकप्रिय केली. इंग्लंडमधला जुना चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक आले. त्यातून ‘विका’ हा नवा पंथ उजेडात आला. १९७० आणि १९८० च्या दशकांत स्फटिक, वनौषधी, चंद्राच्या कला आणि निसर्गपूजा यांचे आकर्षण तरुण पिढीत पसरले.

मॅग्रट ही या पिढीची प्रतिनिधी आहे. ग्रॅनी आणि नॅनी या खेड्यातल्या जुन्या बायका, ज्यांना आपल्या विद्येला नाव देण्याची गरज कधी वाटली नाही. मॅग्रट तीच विद्या पुस्तकांतून आणि प्रतीकांतून शोधते. जिवंत परंपरा आणि पुस्तकातून नव्याने घडवलेली परंपरा यांची ही गाठ आहे. प्रॅचेट दोन्हींतले दोष दाखवतात. नव्या पिढीत अनुभव कमी, जुन्या पिढीत नवे ऐकून घेण्याची तयारी कमी.

कुमारी, माता आणि वृद्धा हे त्रिकूटही कादंबरीत थेट आले आहे. मॅग्रट कुमारी, नॅनी माता, आणि तिसरी जागा ग्रॅनीची; तिच्या देखत वृद्धा हा शब्द उच्चारायला कोणी धजत नाही. ही मांडणी पुढे मॅग्रटच्या आयुष्याबरोबर बदलते आणि कथेला दिशा देते.

‘विर्ड सिस्टर्स’ : मॅकबेथची उलटी बाजू

शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’मधल्या तीन चेटकिणी राजहत्येची ठिणगी टाकतात. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मुळे ही शोकांतिका मराठी रंगभूमीलाही परिचित आहे. प्रॅचेट यांनी तिची उलटी बाजू लिहिली. ड्यूक फेल्मेट राजाचा खून करून लँकरची गादी बळकावतो. राजाचे तान्हे मूल आणि मुकुट चेटकिणींच्या हाती पडतात. त्या मुलाला फिरत्या नाटक मंडळीच्या स्वाधीन करतात आणि मुकुट नाटकाच्या सामानात लपवतात.

निरोप देताना तिघी बाळाला एकेक देणगी देतात. ग्रॅनी देते ती स्वतःला जे समजेल ते होण्याची शक्ती, नॅनी देते उत्तम स्मरणशक्ती, आणि मॅग्रट देते सहज मित्र जोडण्याची हातोटी. तिघींचे स्वभाव या एका प्रसंगात उमटले आहेत. त्यांतली मॅग्रटची देणगी वरकरणी सर्वांत साधी आहे.

मुलगा मोठा होण्याची वाट पाहायला राज्याला वेळ नसतो. म्हणून ग्रॅनी जादूने सारे राज्यच पंधरा वर्षे पुढे नेते. मग ड्यूक चेटकिणींना बदनाम करण्यासाठी एक नाटक लिहवून घेतो. शब्दांनी इतिहास बदलता येतो, हे त्याला उमगलेले असते. तेच नाटक चेटकिणी उलटवतात आणि खुनाचे सत्य रंगमंचावर उघड होते.

या कथेत मॅग्रटचा वाटा दुहेरी आहे. दरबारातल्या विदूषकावर तिचे प्रेम बसते. दोघेही भिडस्त, दोघांनाही बोलायचे असते आणि दोघांनाही शब्द सापडत नाहीत. त्यांच्या भेटींतले अडखळणे हसू आणते आणि त्याच वेळी हळुवारही करते. दुसरीकडे, नॅनीला किल्ल्याच्या तळघरात कोंडलेले असताना मॅग्रट बंद दारातल्या जुन्या ओकच्या लाकडाला आपण झाड होतो याची आठवण करून देते. लाकडाला पालवी फुटते, मुळे फुटतात आणि दार मोडून पडते. निसर्गावरची तिची श्रद्धा निव्वळ दागिन्यांपुरती नाही, हे येथे कळते.

शेवटी राजपुत्र टॉमजॉनला राजा व्हायचे नसते, त्याला नट व्हायचे असते. विदूषक आणि तो भाऊ असल्याचे निघते, म्हणून गादी विदूषकाकडे जाते आणि तो व्हेरन्स दुसरा या नावाने राजा होतो. या भावांचा बाप राजा नसून दरबारातला आधीचा विदूषक होता, हे गुपित मात्र प्रजेपर्यंत पोहोचत नाही.

‘विचेस अब्रॉड’ : कांडी हाती आली तेव्हा

या कादंबरीत डेसिडेराटा हॉलो ही फेअरी गॉडमदर मरते आणि आपली जादूची कांडी मॅग्रटला देते. सिंड्रेलाच्या गोष्टीत मुलीला राजवाड्यात पाठवणारी जी मायाळू बाई असते, तिचे हे काम. जेनुआ या दूरच्या शहरात जाऊन एला नावाच्या मुलीचे लग्न राजपुत्राशी होऊ न देणे ही मॅग्रटची कामगिरी. बाकीच्या दोघींना बरोबर नेऊ नये अशी चिठ्ठी डेसिडेराटाने लिहून ठेवलेली असते, आणि ती वाचून दोघी हट्टाने निघतात. डेसिडेराटाला नेमके तेच हवे असते.

कांडीतून काहीही केले तरी भोपळाच होतो. भले करण्याचे साधन हाती येऊनही भले करता येत नाही, ही मॅग्रटची अडचण. या हास्यास्पद अडचणीत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याचे भले आपण ठरवायचे का? जेनुआत लिलिथ नावाची बाई राज्य करते. तीही फेअरी गॉडमदरच आहे, आणि ग्रॅनीची थोरली बहीणही. तिला सर्वांना सुखी करायचे आहे, पण सुख गोष्टीतल्यासारखे असले पाहिजे असा तिचा आग्रह. दुकानदाराने हसतमुखच असले पाहिजे, मुलीने राजपुत्रालाच वरले पाहिजे. जो गोष्टीत बसत नाही त्याला शिक्षा होते.

लिलिथ म्हणजे आदर्शवादाचे बिघडलेले रूप. माणसांपेक्षा तिला आपल्या मनातले चित्र प्यारे आहे. मॅग्रटकडेही चित्र आहे, पण समोरचे माणूस दुःखी दिसले की ती चित्र सोडते आणि माणसाकडे वळते. लेखकाने दोघींना एकाच पदावर बसवून हा भेद दाखवला आहे. कादंबरीच्या शेवटी एला कोणाची बायको होत नाही. शहराचे राज्य तिच्या हाती येते.

‘लॉर्ड्स अँड लेडीज’ : राणी आणि चिलखत

प्रवासावरून परतल्यावर मॅग्रटला कळते की व्हेरन्सने तिला न विचारताच लग्नाची आणि राज्याभिषेकाची सारी तयारी केली आहे. मधल्या काळात ग्रॅनीशी तिचे कडाक्याचे भांडण होते. लँकरवर काही संकट येते आहे हे दोघी वडील चेटकिणींना ठाऊक असते, पण त्या मॅग्रटला सांगत नाहीत. आपल्याला अजून पोर समजतात, या रागाने ती चेटकीणपण सोडते आणि किल्ल्यात राहायला जाते. तेथे कोणतेच काम नसते. दासी सर्व करतात, आणि राणीने दिवसभर काय करावे हे तिला कोणी सांगत नाही.

संकट असते एल्फ लोकांचे. प्रॅचेट यांचे एल्फ गोड पऱ्यांसारखे नाहीत. ते सुंदर दिसतात, कारण पाहणाऱ्याच्या मनावर ते मोहिनी घालतात. त्या मोहिनीपुढे माणसाला आपण कुरूप, क्षुद्र आणि टाकाऊ वाटू लागतो. ते क्रूर आहेत आणि क्रौर्यात त्यांना मौज वाटते. लोखंड मात्र त्यांना सहन होत नाही. पाषाणवर्तुळाच्या वाटेने ते लँकरमध्ये शिरतात आणि किल्ल्यावर चाल करतात.

अशा वेळी मॅग्रटच्या हाती ग्रॅनीचे एक पत्र पडते. आपले लग्न ग्रॅनीच्या सल्ल्याने ठरवले गेले, हे त्यातून तिला समजते. संताप अनावर होतो, आणि त्याच संतापात ती लढायला उभी राहते. कुलपाच्या भोकातून आडव्या धनुष्याचा बाण सोडून ती एका एल्फला टिपते. पूर्वीच्या एका योद्ध्या राणीचे, इन्सीचे, लोखंडी चिलखत अंगावर चढवते आणि एल्फ राणीला जाऊन भिडते.

या सामन्यात एल्फ राणी मॅग्रटच्या मनावर मोहिनी टाकते आणि तिचा आत्मविश्वास थराथराने सोलून काढते. मॅग्रटला स्वतःबद्दल आधीपासूनच कमी वाटत आलेले असते. त्यामुळे खालच्या थराला काहीच उरणार नाही अशी राणीची खात्री असते. पण सर्वांच्या तळाशी, काहीही झाले तरी न तुटणारी अशी एक मॅग्रट निघते आणि ती राणीवर तुटून पडते. मालेतल्या अत्यंत प्रभावी प्रसंगांत याची गणना होते.

पुढे वाचकाला कळते की राणी इन्सी कधी झालीच नव्हती. राज्याचा इतिहास रोमहर्षक व्हावा म्हणून एका राजाने तिची कथा रचली आणि चिलखतही बनवून घेतले. खोट्या वीरांगनेच्या बळावर खरी वीरांगना घडली. मॅग्रटची प्रतीकांवरची जी श्रद्धा ग्रॅनीने सदैव मोडीत काढली, तिचे एक उपयोगी अंग येथे सिद्ध होते. माणूस ज्यावर विश्वास ठेवतो त्याच्या आधाराने तो आपल्यातले बळ बाहेर काढू शकतो. लग्न होते, पण आता ते दोघांच्या मर्जीने.

‘कार्पे जुग्युलम’ : आई झालेली मॅग्रट

१९९५ च्या ‘मास्करेड’मध्ये मॅग्रट राणी झाल्यामुळे त्रिकुटात जागा रिकामी पडते, आणि तेथे अ‍ॅग्नेस निट या मुलीची निवड होते. ‘कार्पे जुग्युलम’मध्ये मॅग्रटला मुलगी झालेली असते. बारशाला व्हेरन्स आधुनिक विचाराने शेजारच्या रक्तपिपासू मॅगपायर कुटुंबालाही आमंत्रण देतो, आणि आमंत्रण मिळाल्याने त्यांना राज्यात शिरण्याची वाट मोकळी होते.

आपल्या नावाची जी गत झाली ती मुलीच्या नावाची होऊ नये, म्हणून मॅग्रट कागदावर नावापुढे, अक्षरे नीट पाहावीत अशी सूचना लिहिते. धर्मगुरू कागदावरचे सर्वच मोठ्याने वाचतो आणि लँकरच्या रिवाजाप्रमाणे जे उच्चारले तेच नाव ठरते. त्यामुळे राजकन्येच्या नावात ‘नोट स्पेलिंग’ हे शब्द कायमचे बसतात. मॅग्रटच्या स्वतःच्या नामकरणातल्या चुकीची ही परतफेड आहे. हा विनोद प्रॅचेट यांच्या बांधणीतले सातत्य दाखवतो.

तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन मॅग्रट या संकटात पुन्हा चेटकीण होते. ती आता माता आहे, अ‍ॅग्नेस कुमारी, आणि नॅनीला अनिच्छेने तिसऱ्या जागी सरकावे लागते. मॅग्रट पूर्वीसारखी लाजत नाही. दुपटी, दूध आणि रडणे सांभाळत ती निर्णय घेते. २०१५ च्या ‘द शेफर्ड्स क्राउन’ या शेवटच्या कादंबरीतही एल्फांविरुद्ध चेटकिणी एकवटतात तेव्हा राणी मॅग्रट त्यांच्या बाजूने उभी राहते.

विनोदाची रीत

मॅग्रटभोवतीचा विनोद तीन प्रकारे घडतो. पहिला, पुस्तकातले ज्ञान आणि व्यवहार यांतल्या अंतरातून. ‘विचेस अब्रॉड’मध्ये ती स्वसंरक्षणाची कला पोथी वाचून शिकते आणि मोहिमेत ती आजमावू पाहते. दुसरा, तिच्या गांभीर्यातून. ती स्वतः कधी विनोद करत नाही, आणि नॅनीच्या चावट बोलण्याचा अर्थ तिला उशिरा कळतो. तिसरा, तिच्या वेशभूषेतून. प्रवासासाठी तिने घातलेल्या पाटलोणीवर ग्रॅनी जो गहजब करते, त्यात हसू मॅग्रटचे येत नाही, ग्रॅनीचे येते.

प्रॅचेट एक मर्यादा पाळतात. मॅग्रटच्या कांकणांवर, केसांवर, स्फटिकांवर हसायची मुभा वाचकाला आहे. तिच्या करुणेवर मात्र कोठेही हसू येत नाही. ती कोणाची शुश्रूषा करते, कोणासाठी रडते, कोणाला वाचवायला धावते, त्या जागी लेखणी एकदम साधी होते. विनोदाचा रोख वरच्या आवरणावर राहतो आणि गाभ्याला धक्का लागत नाही. अशी मर्यादा सांभाळणे विनोदी लेखनात फार कठीण असते.

ग्रॅनीशी नाते

मॅग्रट आणि ग्रॅनी यांचे नाते या कथांचा कणा आहे. ग्रॅनीच्या मते चांगुलपणा म्हणजे कर्तव्य. लोकांना जे हवे ते देण्यापेक्षा जे आवश्यक ते देणे ती योग्य मानते, आणि त्यासाठी वाईटपणा घ्यायची तिची तयारी असते. मॅग्रटच्या लेखी चांगुलपणा म्हणजे प्रेमळपणा. वादात बहुधा ग्रॅनी जिंकते, पण लेखक तिला संपूर्ण बरोबर ठरवत नाही. मॅग्रटपासून संकट लपवण्यात, तिचे लग्न परस्पर ठरवण्यात ग्रॅनी चुकते, आणि त्या चुकीमुळे राज्य धोक्यात येते. ग्रॅनीच्या कठोरपणाला मायेची जोड नसती तर ती लिलिथच झाली असती, आणि मॅग्रटच्या मायेला ग्रॅनीचा कणखरपणा लाभला नसता तर ती भोपळ्यांपाशीच अडकली असती.

मालेतील इतर तरुण चेटकिणी

अ‍ॅग्नेस निट मॅग्रटपेक्षा व्यवहारी आहे. तिच्या मनात पर्डिटा नावाचे दुसरे, बेधडक व्यक्तिमत्त्व वावरते आणि तिची लढाई मुख्यतः स्वतःशी असते. २००३ च्या ‘द वी फ्री मेन’ पासून येणारी टिफनी एकिंग ही मेंढपाळ घरातली मुलगी नऊ वर्षांची असतानाच कढई घेऊन एल्फ राणीच्या राज्यात शिरते. टिफनी जन्मतः चौकस आणि रोखठोक आहे, तिला भाबडेपणा ठाऊकच नाही. भाबडेपणातून पार होऊन शहाणी होणारी चेटकीण म्हणून मॅग्रटची जागा या साऱ्यांत वेगळी राहते.

रूपांतरे

‘विर्ड सिस्टर्स’चे रूपांतर बीबीसी रेडिओवर १९९५ साली झाले. १९९७ साली कॉस्ग्रोव्ह हॉल या ब्रिटिश संस्थेने त्यावर अ‍ॅनिमेशन मालिका केली. तिच्यात मॅग्रटला जेन हॉरॉक्स यांनी, ग्रॅनीला अ‍ॅनेट क्रॉस्बी यांनी आणि नॅनीला जून व्हिटफील्ड यांनी आवाज दिला. स्टीफन ब्रिग्ज यांनी केलेले नाट्यरूपांतर हौशी नाट्यसंस्थांत लोकप्रिय ठरले.

मूल्यमापन

आदर्शवादी तरुणाचे चित्रण करताना लेखकापुढे दोन सोप्या वाटा असतात. एक, त्याला मूर्ख ठरवून शहाणे करणे, म्हणजे त्याचे आदर्श काढून घेणे. दुसरी, त्याला निष्कलंक ठरवून जगालाच दोषी धरणे. प्रॅचेट यांनी दोन्ही वाटा टाळल्या. मॅग्रट चार कादंबऱ्यांत स्फटिकांचा, विधींचा आणि कांडीचा आधार हळूहळू सोडते. दयाळूपणा मात्र ती सोडत नाही. तो अनुभवाने घट्ट होत जातो. अक्षरांच्या चुकीने नाव पडलेली, कोणी फारसे मनावर न घेतलेली मुलगी राणी होते, आई होते आणि गरज पडेल तेव्हा पुन्हा चेटकीण होते. इंग्रजी विनोदी साहित्यात आदर्शवादाची इतकी प्रेमळ आणि इतकी कठोर परीक्षा क्वचितच झाली आहे, आणि मॅग्रट गार्लिक त्या परीक्षेत उत्तीर्ण होते. तिची ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्या वाचकाने ‘विर्ड सिस्टर्स’पासून प्रकाशनाच्या क्रमाने या कादंबऱ्या वाचाव्यात, कारण तिची वाढ त्या क्रमानेच उलगडते.